पेरलेलं उकरू नये

"पेरिलं बियाणं, बाई, उकरून पाहू नये
देवाला दिलं त्याला मागं मागू नये"

मायचा आवाज. घरातलं जातं जाऊन वर्षं झाली होती, गावात गिरणी आली होती, पण मायच्या गळ्यातली जात्याची लय काही गेली नव्हती. अबोलीचे गजरे बांधताना, मासळी निवडताना, सुईण म्हणून कुणाच्या बाळंतपणाला निघताना ती तशीच गोल गोल फिरत राहायची. लीना तेव्हा सात वर्षांची. तिनं परसात वालाचं बी टोचलं होतं आणि रोज सकाळी काडीनं माती उकरून ती पाहायची, उगवलं का म्हणून. पाचव्या दिवशी बी कुजलं. माय रागावली नाही. ओवी म्हणाली, दुसरं बी लेकीच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "हे पेर. आणि आता हात पाठीमागं बांध."

पन्नास वर्षं उलटली. वसईची ती वाडी कुठे आणि बालीगंजच्या गल्लीतला हा तिसरा मजला कुठे! पण आज, झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये मिस्सा आटपून घरी आल्यापासून लीना खांबेटेच्या कानात तो आवाज फिरत होता. हात पाठीमागं बांधून बसणं काही जमत नव्हतं. म्हणून तिनं केळफूल सोलायला घेतलं होतं.

केळफूल हे घाईच्या बाईचं काम नव्हे. जांभळं पान एकेक करून उचलायचं, त्याखालची बोटभर फुलं मुठीत घ्यायची आणि प्रत्येक फुलातला तो एक ताठ दांडा नि एक पापुद्रा खुडून टाकायचा. चुकून राहिला, तर कितीही शिजवा, दाताखाली येतोच. आणि हाताला मोहरीचं तेल न लावता बसलात, तर आठ दिवस काळी बोटं मिरवा.

समोर खुर्चीत शारदाबाई बसल्या होत्या. लीनाच्या सासूबाई. त्र्याऐंशी वर्षांच्या. परात मांडीवर. नजर मंदावली होती, पण दांडा त्यांच्या बोटांना आपोआप सापडायचा.

"तुझ्या आईनं शिकवलं मला हे," त्या म्हणाल्या. "तोवर मी सबंध फूल चिरून कढईत टाकायचे. बंगाल्यांच्या गावात पस्तीस वर्षं काढली, आणि केळफूल निवडायला शिकवायला वसईची बाई यावी लागली."

"सहा आठवडे राहिली होती नाही माय?"

"तुला पाचवा लागला होता. इथंच बसायचो आम्ही दोघी. तू शाळेत शिकवायला गेलेली, हे आणि श्याम बँकेत." त्यांचे हात क्षणभर थांबले. "किती बाळंतपणांच्या गोष्टी सांगायची बाई! जगलेल्यांच्या. न जगलेल्यांच्यासुद्धा."

लीनानं वर पाहिलं, तर त्या दांडा खुडत होत्या.

आत्ता बोलावं, लीनाला वाटलं. घरात दुसरं कुणी नाही. एवढंच म्हणायचं, आई, आज दुपारी फक्त नाही म्हणू नका. वाटलं तर काहीच म्हणू नका, पण नाही तेवढं म्हणू नका. शब्द जिभेपर्यंत आले. तिनं ते गिळले आणि पुढचं पान उचललं.

गोष्ट अशी होती, की तिच्या लेकीला, वृषालीला, येत्या पवित्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या रात्री, बाप्तिस्मा घ्यायचा होता. वर्षभर ती त्याची तयारी करत होती. सत्तावीस वर्षांची, हातात नोकरी असलेली मुलगी. तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण वडिलांनी पंधरा दिवस अबोला धरला, तेव्हा काल तिनंच म्हटलं होतं, "ठीक आहे बाबा. आजीनं मला वाढवलं. आजीनं मनापासून नाही म्हटलं, तर मी यंदा घेणार नाही." आणि श्यामसुंदरांच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांत पहिल्यांदा ऊन पडलं होतं. कारण आई काय म्हणणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

शंका लीनालाही नव्हती. तीच तर अडचण होती.

लग्नाआधी तिनं फादरांसमोर उभं राहून वचन दिलं होतं. होणाऱ्या मुलांना माझ्या श्रद्धेत वाढवण्यासाठी मला शक्य ते सगळं मी करीन. ती तेव्हा बँकेत होती; मुंबईच्या शाखेत तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा श्याम बाजूलाच उभा होता. त्याची मान हलली होती. पण कलकत्त्याला आल्यावर सासऱ्यांनी, सदाशिवरावांनी, तिला समोर बसवून शांतपणे सांगितलं होतं, "तू तुझ्या चर्चला जा. या घरात तुला कुणी अडवणार नाही. पण मुलाच्या डोक्यावर कुणी पाणी घालायचं नाही. मोठं झालं की त्याचं ते ठरवील." आणि बोलल्याप्रमाणे वागले. नाताळला स्वतः न्यू मार्केटमधून केक आणायचे. अशा माणसाचा धड रागही करता येत नाही.

तर लीना एकटी जात राहिली. वृषाली लहान असताना कधीमधी बरोबर यायची, मेणबत्त्या बघायची, परत येऊन आजीच्या देव्हाऱ्यापुढेही तशाच डोळ्यांनी बघायची. शक्य ते सगळं. हे तीन शब्द लीनाच्या उशाखाली होते. ते केलं का मी? दर उपवासकाळात ती पापनिवेदनाला जायची आणि तेच एक पाप सांगायची. शेवटी एका म्हाताऱ्या फादरांनी विचारलं होतं, "बाई, तुम्ही देवाची क्षमा मागताय, की त्यानं ती दिली यावर तुमचा विश्वासच नाही?"

विश्वास होता की. पण बी उकरून पाहायची सवय काही गेली नव्हती.

आणि त्याच्याही तळाशी एक जुनी भीती होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. वृषाली सातव्या महिन्यात आली. सव्वा किलोची. लीना दोन दिवस बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा पोर काचेच्या पेटीत श्वास घेत होती. सगळे आनंदानं रडत होते. एकट्या लीनाच्या मनात एकच होतं, त्या दोन दिवसांत हिला काही झालं असतं, तर डोक्यावर थेंबभर पाणी न पडता गेली असती. माय शेकडो कोस दूर वसईत. कोण होतं इथे?

घंटा वाजली.

"आली बजबजची गाडी," शारदाबाई म्हणाल्या.

मंजुषा आली ती धापा टाकत आणि बोलत. श्यामसुंदरांची धाकटी बहीण. नवरा बजबजच्या तेलाच्या डेपोत, राहणंही तिथलंच. एका हातात मातीच्या भांड्यातलं गोड दही, दुसऱ्या हातात छत्री.

"दादाचे सकाळपासून तीन फोन. ये, आणि आईला समजाव. मी म्हटलं, अरे, आईला आजवर कुणी समजावलंय?" तिनं दही लीनाच्या हातात दिलं. "वहिनी, आधीच सांगते हं, मी दादाच्या बाजूनं आलेय. जेवायला मात्र तुझ्या बाजूला बसणार."

"केळफूल आहे."

"मग दादाला जरा सबुरीनं घ्यायला सांगते."

शारदाबाई हसल्या. लीनाही हसली, आणि आश्चर्य म्हणजे तिला खरंच हसू आलं.

मंजुषानं पाय धुतले, देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि मान वाकडी करून पाहिलं. "हे काय, आई, अजून ठेवतेस तू हे?"

देव्हाऱ्याच्या चौकटीत, गणपतीच्या मागे, झावळीच्या पातीचा विणलेला एक छोटा क्रूस खोचलेला होता. हिरवागार. आज सकाळचाच. लीना दर वर्षी मिस्साहून आणलेल्या झावळीची एक पाती सासूबाईंना द्यायची, आणि त्या गेल्या वर्षीची वाळलेली काढून नवी खोचायच्या. का, ते कधी कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंचा चांगुलपणा, असं लीना धरून चालली होती.

"राहू दे. कुणाला टोचतंय?" शारदाबाई म्हणाल्या.

जेवणं झाली. श्यामसुंदर मोजकंच जेवले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते घरातही इस्त्रीचा सदरा घालून बसायचे, जणू कुणी केव्हाही सही मागायला येईल. जेवून उठले ते दिवाणखान्यात वडिलांच्या फोटोखालच्या खुर्चीत जाऊन बसले. ती खुर्ची एरवी रिकामी असायची. लीनानं ते पाहिलं. मंजुषानंही पाहिलं आणि भुवई उंचावली.

तीनच्या सुमाराला वृषाली आली. उन्हानं लाल झालेली, खांद्याला कापडी पिशवी. अर्धांगानं बोलणं गेलेल्या लोकांना पुन्हा बोलायला शिकवणं हे तिचं काम. म्हणून की काय, दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबण्याची तिला सवय होती. आजीच्या पायाशी, गार फरशीवर ती बसली.

"आत्या, दही आणलंस? माझ्यासाठी ठेवलंय ना, माने, थोडं तरी?"

"माने नाही. म्हणजे," श्यामसुंदरांनी तिचा बंगाली शब्द सुधारला.

"म्हणजे," वृषाली म्हणाली. "बाबा बोलले माझ्याशी! पंधरा दिवसांनी."

कुणीच हसलं नाही, तेव्हा तिनं पिशवी बाजूला सरकवली. "बरं. बोलू या."

"मी काय बोलणार?" श्यामसुंदरांचा आवाज खाली होता. "माझे आजोबा बागबाजारला येऊन राहिले. त्या जुन्या मराठा खंदकाच्या जागेपाशी. आपल्याच लोकांच्या भीतीनं या शहरानं तो खणला होता. शाळेत पोरं बाबांना बर्गी, म्हणजे लुटारू मराठा, म्हणून चिडवायची. बाबा म्हणायचे, आपण इथं लुटायला नाही आलो, हे रोज वागून दाखवायचं. तीन पिढ्या आपण ते दाखवलं. भाषा सांभाळली, गणपती सांभाळला. मूठभर आहोत गं आपण इथं. मुठीतून एकेक दाणा घरंगळत गेला, तर शेवटी मूठ कशाला म्हणायचं?"

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. लीनाला आत कुठेतरी दुखलं. या माणसावर तिनं प्रेम केलं होतं ते याच्या अशा बोलण्यामुळेच.

"बाबा, पण माझं मराठी कुणी सांभाळलं?" वृषाली म्हणाली. "शाळेत बंगाली, कामावर हिंदी नि इंग्रजी. आईनं रोज झोपवताना ओव्या म्हटल्या, त्याच माझं मराठी. त्या आईच्या मायच्या होत्या. त्यांत येशू होता, मारिया होती, वालाचं बी होतं. मी घरंगळत नाहीये कुठे."

"आजोबांनी काय सांगितलं होतं?"

"मोठी झाली की तिचं ती ठरवील."

"ठरवील म्हणजे असं ठरवील, असं नव्हतं वाटलं त्यांना!"

मंजुषाच्या तोंडून फसकन हसू बाहेर पडलं. श्यामसुंदरांनी तिच्याकडे रागानं पाहिलं, आणि मग त्यांच्याही ओठांची कड हलली. पण क्षणभरच.

"मला एक सांग," ते म्हणाले. "गेल्या वर्षी गळ्यातल्या गाठीची ती तपासणी झाली. तू घाबरलीस. साहजिक आहे. चर्चमध्ये जाऊन बसायला लागलीस. रिपोर्ट चांगला आला. म्हणून देव आवडला तुला. वाईट आला असता तर?"

घाईनं उत्तर देणं वृषालीच्या स्वभावात नव्हतं.

"रिपोर्ट बाराव्या दिवशी आला, बाबा. भीती नवव्या दिवशीच गेली होती."

श्यामसुंदर खुर्चीत पुढे सरकले.

"रोज दुपारी जायचे. पहिले आठ दिवस नुसतं मागत होते. हे नको, ते नको, घरी कळायला नको. भिकारी बरा, एवढं मागितलं. मग नवव्या दिवशी मागायचंच राहून गेलं. बसले होते. पंखा फिरत होता, एक मावशी फरशी पुसत होती. आणि वाटलं, मला कुणीतरी धरलंय. म्हणजे, आत्ता नाही धरलं; आधीपासूनच धरलंय. मला आत्ता कळलं, एवढंच. रिपोर्ट घेताना हात कापले माझे. खोटं कशाला सांगू? पण वाईट आला असता, तरी धरलेलं सुटलं नसतं. हे मला माहीत होतं. तुम्ही विचारताय म्हणून सांगते, नाहीतर हे सांगण्यासारखं नाहीये."

लीना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. त्या दिवसांबद्दल तिला मागाहून कळलं होतं, पण नवव्या दिवसाबद्दल आज. इतकी वर्षं मी गुडघे टेकले, तिच्या मनात आलं, पण मागायचं कधी राहून गेलं का माझं? हे कर, म्हणजे मी विश्वास ठेवते. ते कर, म्हणजे शांत होते. आणि ही पोर, जिच्यासाठी मी एवढं रडले, ती माझ्या पुढे जाऊन बसलीसुद्धा.

मंजुषानं डोळे पुसले आणि भावाकडे वळली. "दादा, एक विचारू? पोर आठ दिवस एकटी घाबरत होती, तेव्हा तू कुठे होतास?"

"मला सांगितलं नाही तिनं."

"मलाही नाही. आपल्या मुठीतच होती ना? मग आपल्याला का नाही कळलं?"

"तू माझ्या बाजूनं आली होतीस, मंजू."

"आले होते. गाडी लेट झाली."

श्यामसुंदर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "ठीक आहे. वादच नको. आईनं सांगायचं ठरलंय. आई सांगेल."

सगळ्यांच्या माना शारदाबाईंकडे वळल्या. त्यांच्या मांडीवर अजून परात होती. संध्याकाळसाठी दुसरं केळफूल घेतलं होतं त्यांनी. त्या वर न बघताच म्हणाल्या, "त्या पिशवीत काय आहे गं?"

"फॉर्म, आजी. नोंदवहीसाठी. फादर शंतनु पाच वाजेपर्यंत थांबणार आहेत. तू हो म्हणालीस तर आज द्यायचा, नाहीतर ठेवून द्यायचा."

"वाच बघू. काय विचारतात तरी."

वृषालीनं कागद काढला, गुडघ्यावर धरला, पेन काढलं. इंग्रजीतून मराठी करत, अडखळत वाचू लागली. "नाव. वृषाली श्यामसुंदर खांबेटे. जन्मतारीख आणि गाव. वडिलांचं नाव, आईचं नाव. हे मी भरलंय. मग..." ती थांबली. "याआधी बाप्तिस्मा झाला आहे का? होय किंवा नाही."

"हे काय विचारणं?" मंजुषा म्हणाली. "झाला असता तर कशाला आली असती?"

"विचारावं लागतं, आत्या. बाप्तिस्मा जन्मात एकदाच होतो. झाला असेल तर पुन्हा देत नाहीत. कुणी दिला, कुठे दिला, काही असो. झाला म्हणजे झाला. तो पुसला जात नाही. तान्हेपणीचं आपल्याला कसं आठवणार? म्हणून आईला विचारायचं असतं." तिनं मान वळवली. "आई?"

सत्तावीस वर्षं जो शब्द लीना पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे कुजबुजत होती, तो आता भर दुपारी, सगळ्यांसमोर म्हणायचा होता.

"नाही," ती म्हणाली.

वृषालीनं पेन टेकवलं.

"थांब." शारदाबाईंचा आवाज. "ते लिहू नकोस."

पेन थांबलं. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी बंगालीत हुज्जत घालत होतं.

श्यामसुंदरांनी खोल श्वास सोडला. "झालं तर मग. आई बोलली." ते जिंकले होते, पण त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. लेकीकडे त्यांना बघवेना. वृषालीनं पेनाचं टोपण लावलं. बोलल्याप्रमाणे ती वाद घालायला गेली नाही.

आणि लीनाच्या तोंडाशी ते सगळं आलं. रदबदली, रड, आळवणी. आई, मी तुमच्या पाया पडते. एवढं एक. कधी काही मागितलं का मी तुमच्याकडे? ती एक पाऊल पुढे झालीसुद्धा.

हे पेर. आणि आता हात पाठीमागं बांध.

तिथेच ती थांबली. दोन्ही हात तिनं खरोखरच पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. तुझी आहे ती, ती मनात म्हणाली. यंदा, पुढच्या वर्षी, मी मेल्यावर. तू बघ. आजवर प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी तिचा एक 'पण' असायचा. तिनं त्याची वाट पाहिली. तो आला नाही. आत कुठेतरी, खूप वर्षांची आवळलेली मूठ उघडावी, तसं हलकं वाटलं. दुःख होतंच, पण ते आता तिचं एकटीचं नव्हतं.

"चहा टाकते," ती म्हणाली. आणि आवाज तिचा नेहमीचाच होता.

"बस, लीना," शारदाबाई म्हणाल्या. "इथं, माझ्यासमोर. श्याम, तूही बस. त्या खुर्चीत नको. ती ह्यांची आहे."

श्यामसुंदर उठून दिवाणावर येऊन बसले. साठीचा माणूस, शाळकरी पोरासारखा.

शारदाबाईंनी परात खाली ठेवली. पदरानं हात पुसायला गेल्या, मग तेल आहे म्हणून तसेच मांडीवर ठेवले.

"ही झाली तेव्हा तू बेशुद्ध होतीस. श्याम रक्तासाठी धावत होता. हे खाली औषधाच्या दुकानात. दुपारचे तीन वाजलेले. सिस्टर मला म्हणाली, माशीमा, बसा हिच्याजवळ, संध्याकाळ काही ही बघणार नाही. कापूस भिजवायला उकळून निववलेलं पाणी स्टीलच्या वाटीत ठेवलं होतं तिनं. ती गेली. मी आणि ही. माझ्या बोटाएवढा हात होता हिचा."

वृषालीनं मान वर केली.

"तुझ्या आईनं मला सांगितलं होतं, लीना. इथंच, केळफूल निवडताना. कच्चं मूल जगेलसं दिसलं नाही, की ती काय करायची. मी तिला विचारलं, अहो, पण फादर नकोत का? ती म्हणाली, वेळ नसेल तर पाणी कुठलंही चालतं नि हात कुणाचाही चालतो. मी थट्टेनं म्हटलं, माझासुद्धा? ती हसली नाही. म्हणाली, तुमचासुद्धा, शारदाताई. पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे, आणि मनात हेतू आमच्यासारखाच हवा. शब्द तिनं मला दोनदा म्हणून दाखवले होते."

"आई..." श्यामसुंदरांच्या तोंडून निघालं.

"तू बोलू नको मधे. एकदा थांबले तर पुन्हा नाही जमायचं." त्यांनी डोळे मिटले. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते. तीनदा वाटी वाकडी केली. पाणी हिच्या कानामागून माझ्या मनगटावर आलं. ही रडली. तोवर रडली नव्हती. तुमचा देव मला कळत नव्हता, लीना. आजही कळतो असं नाही. पण तू शुद्धीवर असतीस तर तुला काय हवं असतं, ते मला कळत होतं. तेच मी मनात धरलं."

मंजुषानं तोंडावर हात ठेवला होता. देव्हाऱ्यातली झावळीची ती पाती पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. लीनाला तिच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडेही कुठे बघवेना. कोण होतं इथे, असं तिनं इतकी वर्षं विचारलं होतं. इथे समोर बसलं होतं.

"आधी ह्यांची भीती वाटली," शारदाबाई म्हणाल्या. "ह्यांचा शब्द मोडला होता मी. मग हे गेले. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तुझी वाटली. तुला कळलं तर पोर सगळीच तुझी होईल, मग माझ्याकडे काय राहील? इतकी मी हलक्या मनाची. दर रविवारी तू एकटी जिना उतरायचीस. मी खिडकीत उभी असायचे. परत यायचीस ती डोळे पुसूनच. एक वाक्य होतं गं. एवढंसं. सत्तावीस वर्षं मी ते दाताखाली धरून बसले."

त्यांनी हात पुढे केला. तेलाचं, चिकानं काळं झालेलं एक बोट फॉर्मावर टेकलं आणि तिथे एक गोल डाग उमटला.

"तिथं होय लिही, वृषू. पाणी मी घातलंय."